बाजीराव मगदूमची ओळख

असं सावलीला सरका. पाय लांब करा, इथं कोण तुमाला बोलणार न्हाई. आज एक गोष्ट सांगतो तुमाला, आणि ती सांगताना मी मधीच गप झालो तर गप बसू द्यायचं, खाकरून बिकरून घाई करायची न्हाई. तीस वर्षं कुस्तीच्या मैदानात माईक धरला ह्या हिंदुराव तोडकरनं. बोलणं हाच धंदा. आणि एका संध्याकाळी चारशे माणसांपुढं माझ्या तोंडातनं अर्धं वाक्य बाहेर आलं आणि अर्धं आतच राहिलं. ते आत राहिलेलं अर्धं कसं बाहेर आलं, ते ऐका.

"आप्पा, तुम्हालाच यायला लागेल."

आठल्येबाई दारात उभ्या. आमच्या वाचनालयाच्या बाई. छत्री बगलेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी म्हशीला खरारा करत हुतो.

"कुठं यायचं बाई?"

"उद्या शाळेच्या पटांगणात. सहा माणसं बोलणार आहेत, प्रत्येकी दहा मिनिटं, आपापल्या कामातलं. त्यांची ओळख करून द्यायला हर्षे सर होते, त्यांचा घसा बसलाय. सकाळपासून खुणा करतायत."

"बाई, मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. तिथं डॉक्टर येणार, कोण कोण शिकलेलं येणार. मी पैलवानांची ओळख करून देतो. लंगोट बांधलेली माणसं माझी. पँटवाल्यांचं मला काय कळतंय?"

"कागद देते ना मी. प्रत्येकानं आपली माहिती स्वतः लिहून दिलीय. ती वाचायची फक्त."

"वाचायचीच तर अडचण हाय."

बाई हसल्या. "मग वाचू नका. तुमच्या मैदानात करता तशी करा."

आता ही मैदानातली रीत तुमाला सांगायला पाहिजे, त्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. पैलवान आत आला की निवेदकानं चार नावं घ्यायची. गाव, बाप, तालीम, वस्ताद. ह्या चौघांबिगर पैलवान उभा राहत न्हाई. आणि मग त्याची एक कुस्ती सांगायची. एकच. अशी सांगायची की लोकांनी बसल्या जागी मुठी आवळल्या पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी मी फेटा बांधून तासभर आधी गेलो. पहिली बोलणारी डॉक्टरीण. साप चावल्यावर काय करायचं, हा तिचा विषय. मी तिच्याजवळ गेलो.

"ताई, वडलांचं नाव?"

"विश्वनाथ. का हो?"

"आणि वस्ताद कोण तुमचे?"

"वस्ताद?"

"म्हणजे कुणाच्या हाताखाली तयार झाला?"

तिनं जरा विचार केला. म्हणली, "गेडाम सिस्टर. मी नवीन होते तेव्हा मला शीर सापडायची नाही. त्यांनी हात धरून शिकवलं."

तिची एक मोठी कुस्ती बी इचारून घेतली, माईकवर गेलो आणि ठोकून दिलं. "विश्वनाथरावांची लेक, गेडाम सिस्टरांची पट्ठी, हिनं एका रात्रीत नाग-मण्यार चावलेल्या तिघांना यमाच्या हातनं हिसकून आणलं, येऊ द्या मैदानात!" पटांगण उसळलं. डॉक्टरीण लाजून लाल झाली. पण बोलायला उभी राहिली ती ताठ मानेनं. खाली आठल्येबाई कपाळाला हात लावून हसत हुत्या.

दुसरा एसटीचा जुना ड्रायव्हर. तिसरी मधमाश्या पाळणारी बाई. लोकांना गोडी लागली. मी मधी उभा राहिलो की कोण तरी मागनं वरडायचं, "आप्पा, बाजीराव होऊ द्या!" मी हातानं गप करायचो.

बाजीराव म्हणजे काय, ते सांगतो. बाजीराव मगदूम. मी ज्या मैदानात गेलो त्या मैदानात शेवटच्या मोठ्या कुस्तीआधी त्याचं नाव घ्यायचो. त्या संध्याकाळच्या बावीस वर्षं आधी एका जत्रेत तीन नंबरच्या कुस्तीत त्याची मान मोडली. मी हलगी थांबवायचो, लोकांना उभं करायचो, टोप्या काढायला लावायचो आणि म्हणायचो, "मान मोडली, पण तोंडातनं 'सोडवा' आलं न्हाई, असा एकच पैलवान ह्या मातीनं बघितला!" बायाबापड्या डोळं पुसायच्या. माझी ओळखच ती हुती म्हणा ना. लोकं मला सुपारी द्यायला यायची तीच म्हणत, आप्पा, बाजीराव पाहिजे बरं का.

चौथा, पाचवा झाला. तेवढ्यात आठल्येबाई पायऱ्या चढून वर आल्या. हातात कागद.

"आप्पा, सहावे वक्ते आले नाहीत, त्यांच्या जागी हे शेवटच्या घडीला ठरलं म्हणून आधी कळवता आलं नाही. तुम्हाला आनंद होईल."

मी कागद डोळ्यांजवळ धरला. अक्षर वाकडंतिकडं, बोटं वळत नसलेल्या माणसानं काढलेलं. मला वाचायला वेळ लागतो. पण दोन शब्द मी लांबनंही ओळखले असते.

बाजीराव मगदूम. विषय, खुर्चीवरनं रोपवाटिका.

बाईंना वाटलं, आप्पा आनंदानं परत परत वाचतोय.

आता ऐका. जे मी त्या दिवसापर्यंत बायकोला बी सांगितलं नव्हतं, ते सांगतो. त्या जत्रेत मी मैदानाच्या कडेला नव्हतो. आत हुतो, माईक घेऊन, दोघांच्या डोक्यापाशी, दीड हातावर. पंच पलीकडच्या अंगाला, पायाकडं. बाजीराव खाली, वरच्यानं मानेवर घिस्सा डाव मारलेला. बाजीरावची मान छातीखाली दुमडली. तोंड माझ्याकडं. माती दातात. आणि तो म्हणला, "आप्पा, सोडवा."

हलगी घुमत हुती. त्यात तो आवाज दुसऱ्या कुणालाच, वरच्या गड्याला बी, गेला न्हाई. माझ्या हातात माईक. मी 'सोडवा' म्हणलो असतो तर पंच त्याच क्षणी धावला असता. पण पाच मिनिटं आधीच मी त्याच माईकवरनं सांगितलं हुतं की ही कुस्ती बरोबरीत सुटणार न्हाई, निकाल लागणारच. लोकं पायावर उभी हुती. मला वाटलं, अजून थोडं. पकड तोडतोय गडी, अजून थोडं. तो परत म्हणला, "आप्पा." आणि मी माईक तोंडाला लावून काय वरडलो? "बाजीराव हार मानत न्हाई!"

मग तो कडाका झाला. सुपारी फुटल्यासारखा. तो पण मीच जवळनं ऐकला.

चार दिवसांनी मी मिरजेला दवाखान्यात गेलतो. त्याच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. आत त्याची आई त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडत हुती. मी तसाच माघारी आलो. पुढच्या जत्रेत तिथल्या पाटलांनी विचारलं, आप्पा, नेमकं झालं काय? आणि माझ्या तोंडातनं ते वाक्य निघालं. लोकांनी टोप्या काढल्या. एकदा टोप्या काढल्यावर माघारी कसं जायचं, सांगा.

तर तो कागद हातात घेऊन मी पायऱ्यांकडं बघितलं. शाळेचं व्यासपीठ ते, दगडी. मागं वर्गाची भिंत. उतरायला एकाच अंगाला पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवरनं चार माणसं चाकाची खुर्ची उचलून वर आणत हुती. वाटच भरून गेलती. मला म्हणायचं हुतं की बाई, मला चक्कर आली, पण माझ्या अंगावर भगवा फेटा, हातात माईक, आणि सगळं गाव माझ्याकडं बघतंय.

खुर्ची माझ्या शेजारी ठेवली. मागं तिच्या मुठी धरून त्याची थोरली बहीण, मालू. तिनं मला नमस्कार केला न्हाई.

"आप्पा, ओळखलं का?" बाजीराव म्हणला.

काय सांगू तुमाला. पैलवान हुता तवा दाराच्या चौकटीत मावायचा न्हाई तो गडी. आता खांदे खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखे. मिशी मात्र तशीच, टोकदार.

"ओळखलं की रं."

"एकदा बी आला न्हाईसा."

"राहून गेलं."

"असू दे. तुमचं बोलणं येतंय की घरापातूर. शेजारी जत्रा असली की भोंग्यातनं माझंच नाव. आई दार-खिडकी लावून घ्यायची."

"तिला सोसत नसंल," मी म्हणलो.

मालू पहिल्यांदा बोलली. "आप्पा, आज थोडक्यात आटपा. त्याला बोलायचंय. तुमचं ऐकायला आलो न्हाई आमी."

"मालू, गप," बाजीराव म्हणला. मग माझ्याकडं मान वळवायला त्याला सगळं अंग वळवायला लागलं. "आप्पा, एक इचारू का? मला त्या दिवसाचं काय बी आठवत न्हाई. सलामी झडली, तिथपातूर आठवतंय. पुढं डोळं उघडलं ते दवाखान्यात. मधलं सगळं तुमच्या तोंडनं ऐकलेलं. मी खरंच तोंड उघडलं नव्हतं का ओ?"

पहिल्यांदा काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. ह्याला आठवतच न्हाई. जगात साक्षीदार एक, तो मी. आणि दुसऱ्याच क्षणी ध्यानात आलं, हे तर जास्त अवघड. ज्याला आठवत हुतं त्याच्यापुढं खोटं बोलणं निराळं. निदान तो उठून म्हणू तरी शकला असता, आप्पा, खोटं बोलताय. आणि समजा खरं सांगितलं, तर? बावीस वर्षं हा माणूस खुर्चीत बसलाय. पाय गेले, बोटं गेली, लग्न मोडलं. राहिलं काय त्याच्याकडं? माझं एक वाक्य. तेवढंच त्याचं पदक. ते बी काढून घेऊ? माझं मन हलकं व्हावं म्हणून?

"आप्पा, बाजीराव होऊ द्या!" मागनं आवाज आला.

"अरे, खुद्द बाजीरावच बसलाय की वर!"

"टोप्या काढा रं!"

आणि सगळं पटांगण उभं राहिलं. मी काय बोलायच्या आधीच. डॉक्टरीण उभी, ड्रायव्हर उभा, आठल्येबाई छत्री सावरत उभ्या. बाजीरावला मी उत्तर दिलंच नव्हतं. तो वाट बघत हुता.

मी माईक घेतला. तोंडाला सवय असते बघा. बैल वाटेला लागल्यावर गाडीवान झोपला तरी चालतंय, तसं.

"गाव चिखलहोळ. बाप तुकाराम मगदूम. तालीम हनुमान तालीम. वस्ताद कैलासवासी रामजी शेलार. बावीस वर्षांमागं तीन नंबरची कुस्ती लागली. बाजीराव खाली, वरच्यानं घिस्सा भरला. मान दुमडली, कडाका झाला. मान मोडली, पण तोंडातनं..."

तिथं माझं लक्ष मालूवर गेलं. ती खाली बघत हुती आणि तिचे ओठ हलत हुते. माझ्याआधी ती पुढचं वाक्य म्हणत हुती. कसं? देवाचं नाव घेतल्यागत न्हाई. दुखऱ्या दाढंवर जीभ फिरवल्यागत. कितीदा ऐकलं असंल तिनं ते, भोंग्यातनं, बंद खिडकीतनं.

माझी जीभ तिथंच अडकली. लोकांना वाटलं, आप्पाला भरून आलं. टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्या. मी तसाच.

"पण तोंडातनं," मी म्हणलो, "'सोडवा' आलतं."

कुणाला काय कळलंच न्हाई. मग पुढं बसलेला एक म्हातारा वरडला, "आप्पा, चुकलासा! आलं न्हाई म्हणा, आलं न्हाई!"

लोकं हसली. अहो, चारशे माणसं माझीच ओळ मला शिकवायला लागली. "न्हाई आलतं आप्पा! न्हाई आलतं!" अजून बी परतायला वाव हुता बघा. हसून म्हणलो असतो, म्हातारा झालो बाबांनो, आणि सगळं हुतं तसं झालं असतं.

"चुकलो न्हाई," मी म्हणलो. "आलतं. मी दीड हातावर हुतो. 'आप्पा, सोडवा' म्हणला. मग परत 'आप्पा' म्हणला. माईक माझ्या हातात हुता. मी थांबवलं न्हाई. मला कुस्तीचा निकाल पाहिजे हुता. बावीस वर्षं तुमी टोप्या काढल्या, त्या माझ्या खोट्यापुढं."

काही माणसं बसली. काही तशीच उभी, टोपी हातात, आता ती घालायची का न्हाई ते कळंना. मी बाजीरावकडं बघायला धजंना.

"आप्पा," तो म्हणला, "खरं?"

"तुझ्या वस्तादांची आण."

"दोनदा?"

"दोनदा."

मला वाटलं, आता हा रडणार. न्हाईतर थुंकणार माझ्या तोंडावर. त्यानं तोंड फिरवलं, सगळं अंग वळवून, बहिणीकडं.

"मालू, ऐकलंस का?"

मालूनं खुर्चीच्या मुठी सोडल्या आणि ती तिथं दगडावर खालीच बसली. पदर तोंडात कोंबलेला.

"माईक द्या," बाजीराव मला म्हणला.

त्याला बोटांनी धरता येईना. मी त्याच्या तोंडापुढं धरला. बघा, परत मीच धरला.

"मंडळी," तो म्हणला, "तुमी टोप्या काढायचा तवा बरं वाटत असंल तुमाला. आमच्या घरात काय चालायचं ते सांगतो. माझी आई मला अंघोळ घालायची. रोज. आणि रोज म्हणायची, एक शबुद बोलला असतास तर काय झालं असतं रं? चारचौघांच्या टाळ्यांपायी तुला आई आठवली न्हाई? मला तर काय आठवतच नव्हतं. आप्पांनी सांगितलेलंच खरं धरलं. मग मी म्हणायचो, व्हय आई, चुकलो. गर्व नडला. सतरा वर्षं तिची माफी मागितली. तिनं दिली न्हाई. माझं हागणं-मुतणं काढलं, पण तेवढं दिलं न्हाई. ती गेली त्याला पाच वर्षं झाली."

त्यानं जरा दम घेतला. त्याला एका दमात जास्त बोलता येत न्हाई.

"म्हणजे मी हाक मारली हुती. मला जगायचं हुतं."

बास. एवढंच म्हणला. टाळी कुणी वाजवली न्हाई.

माझ्या हातातला माईक त्याच्या तोंडापासनं खाली गेला, ते त्याला दिसलं. म्हणला, "आप्पा, हात नीट धरा. तुमच्यावर रागवायला मला लई वेळ लागंल. हितं दहाच मिनिटं दिल्यात बाईंनी."

आणि मग, अहो, तो रोपांवर बोलला. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तो कसा भिजवायचा, मिरचीच्या रोपाला ऊन किती दाखवायचं, खुर्चीच्या उंचीला मांडव कसा बांधून घेतला, मालू ट्रे कशी सरकवते. वांग्याच्या रोपाचं शेंडं वाकडं दिसलं तर काय समजायचं. लोकांनी प्रश्न इचारले. आणि त्या सगळ्या वेळात मी त्याच्या तोंडापुढं माईक धरून उभा. खाली उतरायला पायरी हुती, आता मोकळी बी हुती. पण माईक कोण धरणार?

शेवटी बाई हळूच म्हणल्या, "आप्पा, आभार मानायचेत."

मी म्हणलो, "बाई, ते तुमी माना."

खुर्ची खाली नेताना मी हात लावायला गेलो. मालू म्हणली, "नको." मग दोन पायऱ्या उतरून थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणली, "आईचा फोटो हाय घरात. तिच्यापुढं येऊन एकदा सांगून जावा. आमी सांगितलेलं ती मानायची न्हाई. तुमचंच मानायची ती."

गेलतो. दुसऱ्याच दिवशी. फोटोपुढं उभा राहून सांगितलं. बाजीराव दारात बसून दोन्ही मनगटांत धरून ट्रेमधलं तण उपटत हुता, आत आला न्हाई. मालूनं चहा केला. तो मी घेतला. पुढचं इचारू नका.

त्यानंतर मी माईक धरला न्हाई. ह्याला सात वर्षं झाली. पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलेलंच नव्हतं ना. माझं बघून बघून पाच-पंचवीस निवेदक तयार झाले, त्यांनी ते उचललं. मी त्यांच्या त्यांच्या गावाला जाऊन सांगतो, बाबांनो, असं झालं नव्हतं. ते माझ्या पाया पडत्यात, सत्काराचा फेटा बांधत्यात, आणि मी गाडीत बसलो की भोंग्यातनं तेच ऐकू येतंय. टाळ्या पडत्यात त्याला, ते कशाला सोडतील? आणि ते ऐकून तालमीतली पोरं दात-ओठ खात पडून राहत्यात खाली. 'सोडवा' म्हणायला लाजत्यात. माझ्यापायी.

आता माझं गुडघं गेलं. जत्रेच्या गर्दीत मला उभं राहवत न्हाई. तुमी हिंडता-फिरता माणूस हाय. कुठल्या बी मैदानात, कुठल्या बी गावात हे वाक्य कानावर पडलं, तर एवढं करा. लोकं उभी राहतील तवा तुमी बी उभं राहा, पण टोपी काढू नका. शेजारचा इचारंल, का ओ? त्याला सांगा. बाजीराव मगदूम म्हणला हुता, दोनदा म्हणला हुता. एकाला सांगितलं तरी चालंल. सांगाल न्हवं?